पैसे दिलेत, आता मस्टरवर नाव घाला

प्रति,
मोठ्या पातळीवर फुटबॉल खेळवणाऱ्या अमेरिकी विद्यापीठांचे मा. अध्यक्ष,
आणि बिग टेन, एसईसी, एसीसी व बिग ट्वेल्व्ह या कॉन्फरन्सचे, म्हणजे विद्यापीठांच्या संघांच्या साखळ्यांचे, मा. आयुक्त

स.न.वि.वि.

१ जुलै २०२५पासून तुमची विद्यापीठं खेळाडूंना स्वतःच्या तिजोरीतून थेट पैसे देऊ लागली. असं झालं तर कॉलेज फुटबॉल बुडेल, हे तुम्ही आणि तुमच्या आधीचे अध्यक्ष किती पिढ्या सांगत आलात! बुडालं काही नाही. ॲन आर्बरच्या स्टेडियमात शनिवारी लाखाच्या वर माणसं तशीच बसतात, कोलंबसलाही बसतात, आणि चॅनलवाले हक्कांसाठी तसेच रांगेत उभे आहेत. पैशांचा प्रश्न तुम्ही निम्मा सोडवलात. उरलेला निम्मा, म्हणजे खेळाडूंना रीतसर कर्मचारी मानण्याचा, सोडवायला लागू नये म्हणून मात्र तुमच्या वॉशिंग्टनला खेपा चालल्या आहेत, त्याबद्दल हे पत्र.

पत्र मराठीत का? तुमच्याकडे मराठी मुलं शिकतात, मराठी प्राध्यापक शिकवतात, मराठी आईबाप फी भरतात आणि विद्यापीठाचा टीशर्ट घालून शनिवारी टीव्हीसमोर ओरडतात. त्यांना खेळ दिसतो, त्यामागचा व्यवहार दिसत नाही. त्यांनीही हे वाचावं अशी इच्छा आहे. भाषांतर करून द्यायला तुमच्या आवारात माणसांची वानवा नाही.

ज्यांना हा खेळ अनोळखी आहे त्यांच्यासाठी चार ओळी. नाव फुटबॉल असलं तरी चेंडूला पाय क्वचितच लागतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं; नाही जमलं तर चेंडू समोरच्यांच्या ताब्यात. कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक घराघरात माहीत होतो. त्याला उभं राहायला दोन-तीन सेकंद मिळवून देणारे पाच लाइनमन कुणाच्या लक्षात राहत नाहीत. सव्वाशे-दीडशे किलोचे हे गडी दर खेपेला हात जमिनीला टेकवून वाकतात आणि चेंडू हलला की तितक्याच वजनाच्या माणसावर आदळतात. एका सामन्यात साठ-सत्तर वेळा. सराव वेगळा.

मिडवेस्टातल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात मी संख्याशास्त्रात पीएचडी केली आणि ती करता करता टीचिंग असिस्टंट म्हणून पदवीच्या मुलांना शिकवलं. माझ्या मंगळवारच्या तासाला असाच एक लाइनमन यायचा. दोन्ही हातांच्या बोटांना पांढरी टेप. ती बोटं पेन धरण्याइतकी वाकत नसत, म्हणून तो लॅपटॉपवर दोन तर्जन्यांनी टाइप करायचा. गुडघ्याला प्लास्टिकने गुंडाळलेली बर्फाची पिशवी, तिचं पाणी बाकाखाली ठिबकत असायचं. तास अर्धा झाला की डबा उघडून खायला लागायचा. उर्मटपणा नव्हता त्यात. वजन उतरता कामा नये, दिवसातून सहा वेळा खायचं, असा वरून हुकूम होता. संभाव्यतेची गणितं तो झटक्यात सोडवायचा. आठवड्याचे किती तास फुटबॉलमध्ये जातात, असं त्याला एकदा विचारलं. ‘वीस,’ म्हणाला, आणि हसला.

हे हसू तुम्हाला कळलं असेल, कारण वीस तासांचा नियम तुमच्याच एनसीएएचा, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या तुमच्या संस्थेचा आहे. हंगामात आठवड्याला २० तासांहून जास्त वेळ खेळासाठी घ्यायचा नाही. आता हिशेब कसा करतात बघा. सामन्याचा अख्खा दिवस ३ तासांचा धरायचा. प्रवास धरायचा नाही. फिजिओच्या टेबलावर गेलेला वेळ धरायचा नाही. ‘ऐच्छिक’ व्यायाम तर नाहीच नाही. (ऐच्छिक व्यायामाला दांडी मारून कुणाची संघातली जागा टिकली, हे एकदा जाहीर करा.) २०१४ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे खेळाडू युनियनला मान्यता मागायला राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाकडे गेले, तेव्हा मंडळाचे विभागीय संचालक पीटर ओर यांनी हेच तास नीट मोजले. हंगामातला आठवडा ४० ते ५० तासांचा निघाला, ऑगस्टच्या शिबिरातला ५० ते ६० तासांचा.

गंमत अशी की एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर मलाही सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येत होतं. मी एकविसावा तास लावला असता तर थेट व्हिसावरच बेतलं असतं. त्या लाइनमनचे पन्नास तास झाले तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं, कारण कागदोपत्री ते काम नव्हतंच. त्याच विद्यापीठात मी कर्मचारी होते. मला पगार होता, आरोग्यविमा होता, तक्रार करायला रीतसर जागा होती आणि पाठीशी युनियन होती. ही युनियनही कुणी आपणहून ताटात वाढलेली नाही. विस्कॉन्सिनच्या टीचिंग असिस्टंटांना पहिल्या करारासाठी १९७० साली संप करावा लागला. विद्यार्थी आहेत, नोकर नव्हेत, युनियन शिरली की गुरुशिष्याचं नातं नासेल, हे शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीतही म्हणून झालेलं आहे. नासलं नाही. माझे गाईड अजून दिवाळीला न चुकता मेल करतात.

आता जरा मागे जाऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मैदानावरची मरणं इतकी वाढली की १९०५ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं. त्या गदारोळातून पुढच्या वर्षी जी संस्था उभी राहिली तीच आजची एनसीएए. म्हणजे खेळाडूचा जीव वाचवणं हे तिचं जन्मकारण. पन्नास वर्षांनी, १९५५ साली, कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजकडून खेळताना रे डेनिसन हा तरुण डोक्याला मार लागून गेला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. एका लहानशा कॉलेजपुरतं ते तेव्हा खरंही असेल. पण एनसीएएचे तेव्हाचे कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी या धोक्याची वेळीच दखल घेतली आणि खेळाडूला ‘स्टुडंट-ॲथलीट’च म्हणायचं, असा दंडक घातला. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की हे सगळं भरपाईचे दावे टाळण्यासाठी होतं. आतल्याच माणसाने इतकं स्वच्छ सांगितल्यावर आम्ही बाहेरच्यांनी आणखी काय पुरावा द्यायचा?

टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाचा केंट वॉल्ड्रेप १९७४ साली अलाबामाविरुद्ध खेळताना मान मोडून कायमचा लुळा झाला. कामगार भरपाईसाठी त्याचा झगडा पुढच्या शतकापर्यंत चालला आणि २०००मध्ये न्यायालयाने सांगितलं, तू कर्मचारी नव्हतास.

हे जुनं झालं म्हणाल, तर २०१८ घ्या. मेरीलँड, म्हणजे बिग टेनमधलंच विद्यापीठ. २९ मेची दुपार, हंगाम सुरू व्हायला अजून तीन महिने. जॉर्डन मॅकनेअर, वय १९, लाइनमन. ११० यार्डांच्या धावा एकामागून एक काढताना तो कोलमडला. उष्माघात. शरीराचं तापमान १०६ फॅरनहाइटपर्यंत गेलेलं. अशा वेळी माणसाला ताबडतोब बर्फाच्या पाण्यात बुडवायचं असतं. विदर्भात मे महिन्यात लग्नाच्या मांडवात कुणाला ऊन लागलं तर घरातली म्हातारी माणसंसुद्धा आधी अंगावर पाणी ओततात. तिथे पगारी प्रशिक्षक होते, पगारी ट्रेनर होते, आणि त्याला थंड पाण्यात कुणी ठेवलं नाही. १३ जूनला तो गेला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी घेतली, हे मान्य करायला हवं. तेवढंही सगळे करत नाहीत. पण त्या दुपारी ‘आता बास’ म्हणून सराव थांबवण्याचा अधिकार मैदानावरच्या एकाही खेळाडूकडे नव्हता. बांधकामावरचा मजूरही धोका दिसला की मुकादमाला दोन शब्द सुनावतो, कारण त्याच्यामागे कायदा असतो, निदान कागदावर तरी. तुमच्या खेळाडूच्या मागे प्रशिक्षकाची मर्जी असते.

डोक्याच्या माराबद्दल थोडक्यात, कारण ते तुम्हाला आता पाठ असेल. बोस्टन विद्यापीठाच्या ॲन मॅकी आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली, मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेल्या १११ जणांपैकी ११० जणांत सीटीई हा मेंदू झिजवणारा आजार आढळला. हा आकडा सगळीकडे गाजला. संख्याशास्त्राची माणूस म्हणून आधी हेही सांगते की आजाराची शंका आलेली कुटुंबंच बहुधा मेंदू दान करतात, त्यामुळे यावरून सरसकट प्रमाण काढता येत नाही. पण त्याच अभ्यासातली खालची ओळ तुमची आहे: कॉलेजपर्यंतच खेळलेल्या ५३ जणांपैकी ४८. हे लोक एनएफएलपर्यंत पोचले नाहीत, त्यांना तिथला पैसा मिळाला नाही, तिथली पेन्शन मिळाली नाही. कॉलेजातल्या शंभर खेळाडूंतले दोनसुद्धा पुढे एनएफएलमध्ये जात नाहीत. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचा फुटबॉल तुमच्याकडेच संपतो. त्यांच्यासाठी एनसीएएने ऑगस्ट २०२४पासून खेळ सुटल्यावर दोन वर्षांचं विमाकवच आणलं. चांगलं केलंत. पण वीस वर्षांच्या मुलाचा गुडघा बाविसाव्या वर्षी थोडाच कुरकुरतो? तो पंचेचाळिसाव्या वर्षी कुरकुरतो.

धंदा नाही, हे म्हणायची सोय तर केव्हाच गेली. १९८४ साली ओक्लाहोमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी प्रक्षेपणाचे हक्क एनसीएएच्या मुठीतून सोडवले. विरोधात मत देणाऱ्यांत न्या. बायरन व्हाइट होते, स्वतः कोलोरॅडोचे आणि पुढे एनएफएलचे नामांकित खेळाडू. मोकळ्या बाजारात काय होणार याचा त्यांना अंदाज आला असावा. झालंच ते. २०२२ साली बिग टेनने सात वर्षांसाठी ७०० कोटी डॉलरच्या घरातला करार केला. त्याच उन्हाळ्यात यूसीएलए आणि यूएससी यांनी शंभर वर्षांचा पॅसिफिक किनारा, म्हणजे पॅक-ट्वेल्व्ह कॉन्फरन्स, सोडायचं जाहीर केलं, मागोमाग ऑरेगन आणि वॉशिंग्टन ही विद्यापीठंही निघाली, आणि पॅक-ट्वेल्व्हमध्ये दोनच विद्यापीठं उरली. आज लॉस एंजेलिसचा संघ कॉन्फरन्सचा साधा सामना खेळायला न्यूजर्सीपर्यंत उडतो. स्टॅनफर्ड तर ‘अटलांटिक किनारा’ नावाच्या कॉन्फरन्समध्ये आहे. कॅलिफोर्नियाला अटलांटिक कुठून लागतो ते भूगोल विभागाला विचारा. प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना टेक्सस ए अँड एमने २०२३ साली काढलं, ते न शिकवण्याचे साडेसात कोटी डॉलरांहून जास्त द्यायचं कबूल करून. एवढा पैसा ज्यात फिरतो त्याला आमच्याकडे तरी धंदाच म्हणतात.

न्यायालयांनीही ते ओळखलं. २०२१ साली खेळाडूंच्या लाभांवरच्या मर्यादेबद्दलच्या ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे सगळे नऊ न्यायाधीश तुमच्याविरुद्ध गेले. मग खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या हाउस खटल्याची तडजोड आली, ६ जून २०२५ला न्या. क्लॉडिया विल्कन यांनी तिच्यावर शिक्का मारला: जुन्या खेळाडूंना २८० कोटी डॉलर, आणि पुढे पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला खेळाडूंमध्ये वाटायला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत मुभा. ही वरची मर्यादा कुणी ठरवली? तुम्ही आणि वकिलांनी. पुढच्या हंगामात खेळणाऱ्या पोरांपैकी कुणी तिच्यासाठी मत दिलेलं नाही. म्हणूनच तिच्यावर उद्या पुन्हा दावे पडतील याची तुम्हाला धास्ती आहे, आणि म्हणून जुलै २०२५मध्ये संसदेत मांडल्या गेलेल्या स्कोर विधेयकाच्या मागे तुम्ही उभे आहात. त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत: मक्तेदारीविरोधी कायद्यापासून तुम्हाला संरक्षण, आणि खेळाडू कधीही कर्मचारी ठरणार नाहीत याची हमी.

पहिल्या गोष्टीसाठी संसदेची गरजच नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. एनएफएलकडे बघा. तिथे पगाराला कमाल मर्यादा आहे. तिथे ड्राफ्ट आहे, म्हणजे कुठल्या गावी नोकरी करायची हे मुलगा ठरवत नाही, संघ ठरवतात. शाळा सुटल्यावर तीन वर्षं झाल्याशिवाय कुणाला घेतही नाहीत. मॉरिस क्लॅरेट या ओहायो स्टेटच्या पोराने याच नियमाला आव्हान दिलं आणि २००४ साली तो हरला. तो का हरला? लीग आणि खेळाडूंची युनियन यांच्यातल्या कामगार संबंधांचा हा भाग आहे, मक्तेदारीचा कायदा इथे लागू नाही, असं न्यायालयाने ठरवलं म्हणून. युनियनशी बसून केलेल्या कराराला अमेरिकी कायदा असं कवच देतो. एनएफएलच्या मालकांनी १९८७ साली संप मोडायला बदली खेळाडू उतरवले होते, ते काही संत नव्हेत. पण आज ते उत्पन्नाचा सुमारे ४८ टक्के वाटा खेळाडूंना देतात, सरावात अंगावर किती दिवस आदळायचं हेसुद्धा करारात लिहितात, आणि बदल्यात निवांत झोपतात. तुम्हाला त्यांची पगारमर्यादा हवी आहे, त्यांची युनियन नको आहे. आणि क्लॅरेटच्या त्या तीन वर्षांचा फायदा सगळ्यात जास्त कुणाला होतो? तुम्हाला. अठरा वर्षांच्या मुलाला हा खेळ खेळून पुढे जायचं तर तुमच्या दारातूनच जावं लागतं.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत, त्या खोट्या नाहीत. नॉर्थ कॅरोलायनात सरकारी कर्मचाऱ्यांशी सामूहिक करार करायलाच बंदी आहे, आणि तुमच्यातली बहुतेक विद्यापीठं सरकारी. एका राज्यात युनियन, शेजारच्या राज्यात नाही, असा संघ एकाच कॉन्फरन्समध्ये कसा खेळवायचा? २०१५ साली कामगार संबंध मंडळाने नॉर्थवेस्टर्नचा अर्ज बाजूला सारला तो थोडाफार याच कारणाने. पोहणाऱ्यांचं, कुस्तीवाल्यांचं, मुलींच्या संघांचं काय, हाही प्रश्न आहे, आणि फुटबॉलच्या पैशांवर ते चालतात हे खरं आहे. परदेशी खेळाडूंचा व्हिसा हा आणखी एक गुंता. तुमचे कितीतरी पंटर, म्हणजे चेंडू लाथेने लांब मारणारे खेळाडू, ऑस्ट्रेलियातून येतात. त्यांना पगार दिला तर एफ-१चं काय होणार ते कुणीच छातीठोकपणे सांगत नाही. पण मालक नक्की कोण, हेच ठरत नाही म्हणून कामगार वाऱ्यावर, ही गोष्ट मी घरात पाहिलेली आहे.

माझे वडील पाटण तालुक्यातले, आधी मशीद बंदरला आणि नंतर वाशीच्या धान्य बाजारात माथाडी. सकाळी एका व्यापाऱ्याची गाडी, दुपारी दुसऱ्याची. व्यापारी म्हणायचा, हे टोळीचे लोक; टोळीवाला म्हणायचा, माल व्यापाऱ्याचा. अण्णासाहेब पाटलांच्या युनियनने लढा दिला आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. मालक कोण, या वादात तो अडकून बसला नाही. मंडळ काढलं, त्यावर सरकार, मालक आणि कामगार तिघांची माणसं. हमाल मंडळाकडे नोंदवायचे, मालकांनीही नोंदायचं, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, दवाखाना. पोत्यांखाली वडिलांचा मणका गेला तेव्हा कुणाच्या पोत्याने गेला, असं त्यांना कुणी विचारलं नाही. कायद्यात पळवाटा शोधणारे आहेत, मंडळांच्या कारभाराबद्दल बोलायला बसले तर आणखी एक पत्र होईल. पण चौकट उभी आहे.

तुम्हाला हेच करता येईल. कॉन्फरन्सच्या पातळीवर एक मंडळ, त्यावर विद्यापीठांइतकीच खेळाडूंची निवडून आलेली माणसं. प्रक्षेपणाच्या प्रत्येक करारातून ठरावीक टक्के आधी या मंडळात जमा, मग बाकीची वाटणी. प्लेऑफचा, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या शेवटच्या सामन्यांचा, ईएसपीएन चॅनलशी झालेला करारच २०२६पासून सहा वर्षांचा, ७८० कोटी डॉलरचा आहे. सुरुवात तिथून करा. या पैशातून खेळताना झालेल्या दुखापतीचा इलाज, खेळाडू जगेल तोवर. संघ बदलला तरी नोंद त्याच्याबरोबर जाईल. आजकाल पोरं दर वर्षी विद्यापीठ बदलतात, म्हणून तर मंडळच हवं. डॉक्टर आणि ट्रेनर मंडळाच्या पगारावर असतील, प्रशिक्षकाच्या नव्हे, आणि सराव थांबवायचा त्यांचा शब्द शेवटचा. जिथे राज्याचा कायदा परवानगी देतो तिथे रीतसर युनियन आणि करार. जिथे देत नाही तिथल्या विधानसभेत जाऊन कायदा बदलून मागा. स्टेडियमला नवा मजला चढवायचा असतो तेव्हा तुम्हाला आमदार बरोबर सापडतात.

आणि स्कोर विधेयकातलं ते कर्मचारी न मानण्याचं कलम काढायला सांगणारं पत्र आपापल्या लेटरहेडवर तुमच्या प्रतिनिधीला पाठवा.

एप्रिल २०१४मध्ये नॉर्थवेस्टर्नच्या खेळाडूंनी युनियन हवी की नको यावर मतदान केलं होतं. त्यांच्या क्वार्टरबॅकने, केन कोल्टरने, पुढे मांडलेल्या मुख्य मागण्यांत पगार नव्हता. डोक्याला कमी मार, दुखापतीचा इलाज आणि शिष्यवृत्तीची हमी होती. ती मतं सीलबंद करून ठेवली आणि कामगार संबंध मंडळाने अर्ज बाजूला सारल्यावर कुणी मोजलीच नाहीत. ऑगस्टमध्ये तुमची शिबिरं पुन्हा सुरू होतील. प्रत्येक संघात तसंच गुप्त मतदान घ्या, आणि या वेळी पेट्या उघडा.

कळावे,
आपल्याच एका विद्यापीठाची माजी टीचिंग असिस्टंट, मूळ कोपरखैरणे